लक्झेंबर्ग कुठल्या सेक्टरचे?

मी हे लिहायला बसले आहे आणि आमच्या तुर्भ्याच्या गाळ्यात अमेरिका उताणी पडलेली आहे. नवरात्र तोंडावर आलंय, तिचा महिषासुर करायचाय. खांदे तेच चालतील, डोक्याला शिंगं लावली की झालं. चीनचं पोट वाळत घातलंय. भारत कोपऱ्यात चादरीखाली आहे. त्याला अजून कोणी मागितलेलं नाही आणि मागितलं तरी मी द्यायची नाही.

आमचा धंदा हलत्या देखाव्यांचा. गणपतीत मांडवात जे पुतळे मान डोलवतात, हात उगारतात, पोरांना घाबरवतात, ते आम्ही बनवतो. बांबूचा सांगाडा, त्यावर सुतळी, सुतळीवर कागदाच्या लगद्याचे थर, वरून रंग आणि कपडे. थर्माकोलवर बंदी आल्यापासून लगद्याला चांगले दिवस आलेत. आत गाडीच्या वायपरची जुनी मोटर. ती बिचारी जन्मभर एकदा इकडे, एकदा तिकडे एवढंच करते. तेवढ्यावर आम्ही राक्षस मारतो, पूल बांधतो, नेत्यांना हात हलवायला लावतो.

मी शाळा सातवीत सोडली. किनवटकडच्या आमच्या गावातून पुढची शाळा लांब, वाटेत ओढा, आणि माझा स्वभाव मुळात भित्रा. लग्न होऊन तुर्भ्याला आले तेव्हा महिनाभर मी ट्रकच्या आवाजाने दचकायचे. नवरा गोदामात लागला होता. मला शेजारच्या गाळ्यात रद्दी फाडायचं काम मिळालं. गाळा सारसोळ्याच्या नामादादांचा. मूळचे कोळी. वडिलांची होडी सोडून ते मूर्तिकामाकडे वळले होते. माझ्यासमोर फाडलेल्या कागदाचा ढीग बघून ते म्हणाले, "एवरा मन लावून रद्दी कोन फारतो गो?" आणि त्यांनी माझ्या हातात लगदा दिला. माझं सगळं शिक्षण त्या वाक्यानंतरचं. दादांचं नाव काढलं की मला अजून भरून येतं, आणि लगेच काळजी वाटते की आपल्या हातून काहीतरी चुकणार.

यंदा गणपतीच्या आधी दादांनी मला बोलावून घेतलं. डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. मुलगा बाजूला मोबाइल बघत उभा होता.

"डॉक्टर बोलला, आता धूल बंद, रंग बंद," दादा म्हणाले. "पोरगा बोलतो, गाला गोदामाला देऊ. मी त्याला बोललो, यंदा एक काम सुमन एकटी करंल. जमला तर गाला तिच्या हाती. नाय जमला तर तुजा गोदाम."

"जमलं हे ठरवायचं कसं, दादा?"

"तुना म्हायत नाय? पयल्या दिवशी कुनाचापन देखावा हलतो. धाव्या दिवशी मिरवनूक निघायच्या टायमाला मी येन. तवा कोन हलतो, ते बगन."

आमच्या धंद्यात हेच माप. बक्षिसं, फोटो, पेपरात नाव, काही धरत नाहीत. दहाव्या दिवशी हलला तो देखावा.

आलं ते काम खारघरच्या एका मोठ्या सोसायटीचं. सेक्रेटरी साळवीसाहेब कुठल्याशा कंपनीत विक्रीचं बघायचे, आता रिटायर. बोलताना अजून समोरच्याला काहीतरी विकत असल्यासारखेच बोलतात. त्यांनी क्लब हाऊसच्या टेबलावर एक कागद पसरला.

"विषय असा आहे, ताई. जगाच्या आखाड्यात भारत! प्रत्येक देश म्हणजे एक पैलवान. ज्याची अर्थव्यवस्था मोठी तो पैलवान मोठा. हे आकडे. या प्रमाणात बनवायचं. एक सूतही इकडे तिकडे नको."

मी कागद घेतला आणि घामाघूम होऊन घरी आले. आकडे डॉलरमध्ये होते, त्यावर इतकी शून्यं की मोजताना बोट घसरायचं. पण प्रमाण मला कळलं. आमच्याकडे प्रमाण म्हणजे लगदा. गिऱ्हाईक भाव विचारतं तेव्हा आम्ही पुतळ्याचा लगदा किती ते सांगतो. तेव्हा मी सरळ काटा लावला. अमेरिकेला साधारण सात पाट्या, तर भारताला एक. चीनला त्यांच्यामध्ये. दुसरा काही अर्थ असू शकतो हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

साळवीसाहेब बघायला आले ते तोंड पाडूनच. अमेरिका पुरुषभर उंच, आणि तिच्या शेजारी भारत बरोबर तिच्या कमरेला.

"कमरेपर्यंत?" ते म्हणाले. "अहो, मी घरी पट्टीने काढलं होतं. आपण गुडघ्याच्याही खाली येत होतो. मी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं!"

मला वाटलं, गेलं काम. तेवढ्यात मागून मोरेसर हसले. मोरेसर त्याच सोसायटीत राहतात, कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतात. त्यांनी पुतळ्याला दोन्ही हात लावून पाहिले.

"तुम्ही उंचीने मोजलंत, यांनी वजनाने," ते साळवींना म्हणाले. "पुतळा निम्म्या उंचीचा केला की रुंदीही निम्मी होते, जाडीही निम्मी. लगदा लागतो आठवा हिस्सा. तोच आकडा, पट्टी लावली तर गुडघा, काटा लावला तर कंबर. दोन्ही खरं. फक्त कुठलं ते खाली पाटीवर लिहा."

"पाटी कशाला?" साळवीसाहेब म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "काटाच! काटा बेस्ट आहे. आता अजून जरा वर नेता येईल का?"

मी धीर करून सरांना विचारलं, की सर, हे आकडे असतात तरी कशाचे? सर म्हणाले, "एका वर्षात देशात जे काही नवं तयार झालं त्याची किंमत. भात, गाड्या, डॉक्टरची तपासणी, केस कापणं. सगळ्याची बेरीज."

"आमचा देखावा?"

"तोही."

"म्हणजे मी भारताचा पुतळा केला की भारत वाढला?"

"थोडासा वाढला."

"आणि साहेबांनी नापसंत केला, मी मोडून परत केला तर?"

सरांनी मनात हिशेब केला. मग म्हणाले, "त्याचेही पैसे लावलेत तर... परत वाढेल."

साळवीसाहेबांनी लगेच वही काढली. त्या दिवसानंतर त्यांनी मला भारताची मिशी चार वेळा बदलायला लावली. मला अजून वाटतं त्यात देशसेवेचा भाग होता.

खरा गोंधळ झाला सोसायटीच्या मीटिंगमध्ये. मी फोटो दाखवले. मोरेसर उठले आणि म्हणाले, "हे काही मला पटत नाही. भारताच्या पैलवानावर किती माणसं पोसली जातात ते बघा ना. देशाचं बळ माणशी काढा. बेरीज भागिले लोकसंख्या. आणि इथे काटा चालणार नाही, इथे पट्टीच."

"माणशी काढलं तर आपण किती?" कोणीतरी विचारलं.

सरांनी बोटांनी दाखवलं. पुरी तळताना जेवढी फुगते तेवढं.

एकच आरडाओरडा झाला. सर शांतपणे म्हणाले, "आणि मग पहिला नंबर अमेरिकेचा राहात नाही. लक्झेंबर्ग आणावा लागेल."

"हा कोण?" साळवीसाहेब ओरडले. "आमच्या मांडवात आम्ही अनोळखी माणूस घेणार नाही!"

तेव्हा कामतकाकू उठल्या. काकू चौथ्या मजल्यावर राहतात, मुलगी अमेरिकेत. "तुमचं डॉलरचंच मुळात चुकतंय," त्या म्हणाल्या. "माझा जावई एवढा पगार घेतो, पण त्याचे केस माझी मुलगी कापते. का? न्हाव्याकडे एकदा गेलं की आठवड्याच्या भाजीचे पैसे जातात. इथे आमचे हे दर महिन्याला कापून येतात, वर डोक्याला चंपी. मग श्रीमंत कोण? एक न्हावी, एक डोकं, काम तेच. तिथे त्याची किंमत मोठी लावायची आणि इथे लहान, हा कुठला न्याय?"

"काकू, याला शास्त्र आहे," मोरेसर खूष होऊन म्हणाले. "दोन्हीकडच्या वस्तूंच्या किमती सारख्या धरून मोजतात. त्याने भारत अमेरिकेच्या खांद्यापर्यंत येतो. काट्याने."

"आलाच पाहिजे," काकू म्हणाल्या. "आणि मी चाळीस वर्षं घरात रांधतेय, ते कशात धरलंय?"

"ते... धरत नाहीत."

"मग तुमचा पैलवान उपाशी आहे," म्हणून काकू खाली बसल्या.

आता सोसायटीत तीन पक्ष झाले. डॉलरवाले साळवींचे, किमतीवाले काकूंचे, माणशीवाले मोरेसरांचे. लिफ्टमध्ये माणसं एकमेकांना मजला न विचारता पक्ष विचारू लागली. वर्गणी तिन्ही पक्षांची होती, त्यामुळे निर्णय एकच शक्य होता: तिन्ही दाखवायचे. तेच पैलवान, तीन बटणं, आणि प्रत्येक बटणाला वेगळी उंची.

मी तुर्भ्याच्या ट्रक टर्मिनसला इस्माईलचाचांकडे गेले. आमच्या सगळ्या मोटरी चाचा बसवतात. मी त्यांना म्हटलं, देश वरखाली करायचेत. चाचांनी एवढंच विचारलं, "कितने देश?"

युक्ती त्यांचीच. पंक्चर काढताना गाडी उचलतात तो जॅक, त्याला वायपरची मोटर, आणि वर पैलवानाची फळी. स्टेज खालून पोकळ. बटण दाबलं की फळी भोकातून वर येते किंवा खाली जाते. अमेरिका, चीन आणि भारताला भंगारातले कारचे जॅक मिळाले. "बेटी, इंडिया को ज्यादा ऊपर-नीचे मत करना," चाचा म्हणाले, "उसका चूडी घिसा हुआ है." चूडी म्हणजे जॅकचे आटे. मी काय करणार होते? वरखाली करायचं तेच तर काम होतं.

लक्झेंबर्गला वेळच उरला नव्हता. मी गाळ्यातला जुना द्वारपाल काढला, भाला काढून घेतला, मिशी कमी केली आणि अंगात कोट घातला. कारचे जॅक संपले होते म्हणून चाचांनी त्याला ट्रकचा लावला. त्या बिचाऱ्याला फक्त माणशी बटणाला वर यायचं होतं. बाकी वेळ तो स्टेजखाली अंधारात.

त्या आठवड्यात गावाहून आईचा फोन आला. "काय करायलीस गं?"

"भारत करायले, आई. पैलवान."

"लई मोठा हाय का?"

"कमरेइतका. बटणावर आहे."

आई म्हणाली, "मग त्याच्या अंगात आपण कुठं आहोत?"

"पायाच्या करंगळीत असू," मी म्हणाले. आई हसली. "मग करंगळी नीट कर माय," म्हणाली आणि फोन ठेवला. मी त्या रात्रीच्या थरात करंगळीला नख काढलं. कोणाला दिसणार नव्हतं.

गणपती बसले. पहिल्याच संध्याकाळी काकूंचं बटण दाबलं आणि पुढच्या रांगेतले लोक मागे सरले. किमतीच्या हिशेबात भारत अमेरिकेच्या खांद्यापर्यंत आला खरा, पण चीन अमेरिकेच्याही वर गेला, आणि वर जाता जाता बाप्पाच्या मुकुटाच्या वर निघाला. मांडवात बाप्पापेक्षा उंच कोणी उभं राहात नाही. मूर्तीची प्रतिष्ठापना झालेली, आता विसर्जनापर्यंत ती जागची हलवता येत नाही. गुरुजींनी आरतीचं तबक खाली ठेवलं.

"हा आधी खाली घ्या," गुरुजी म्हणाले.

"गुरुजी, आकड्यात बसत नाही," मोरेसर म्हणाले.

"मग आकड्याला सांगा."

मी स्टेजखाली शिरले. चीनची मान आम्ही डोलणारी केली होती. मी मानेची दोरी फळीला बांधली, म्हणजे तो जितका वर जाईल तितकी मान वाकेल. पुन्हा बटण दाबलं. चीन वर आला आणि वर येता येता त्याने बाप्पाला वाकून नमस्कार केला. टाळ्या पडल्या. गुरुजींनी तबक उचललं. मोरेसर कितीतरी वेळ हसत होते, मग म्हणाले, हे मी वर्गात सांगणार.

माणशी बटणाचा प्रकार वेगळाच. ते दाबलं की अमेरिका माणसाच्या छातीइतकीच उरायची, चीनची नुसती टाळू राहायची, आणि भारत पुरता बुडायचा. वर फक्त फेट्याचा तुरा. पोरं ओरडायची, "इंडिया गेला, इंडिया गेला!" आणि त्याच वेळी मधल्या भोकातून कोटातले लक्झेंबर्ग हळूहळू वर यायचे, गंभीर चेहऱ्याने, कोणाकडे न बघता.

लोकांना तेच आवडले. तिसऱ्या दिवसापासून फोटोसाठी त्यांच्यासमोरच गर्दी. एक बाई मला विचारू लागल्या, "हे कोण हो, फार शिस्तीत उभे आहेत?"

"लक्झेंबर्ग."

"कुठल्या सेक्टरचे?"

मी म्हटलं देश आहे, तर त्यांच्या यजमानांनी त्यांना समजावलं, "अगं, बिल्डर असेल. मोठी वर्गणी दिली असणार." साळवीसाहेबांनी वैतागून पाटी लावली. पाटी वाचून एका जोडप्याने विचारलं की हा नवा टॉवर का, आणि वन बीएचके शिल्लक आहेत का. पाचव्या दिवशी कोणीतरी लक्झेंबर्गच्या पायाशी नारळ ठेवला. स्पर्धेचे परीक्षक आले, त्यांनी शेरा लिहिला, "तंत्र उत्तम. विषय स्पष्ट होत नाही." बक्षीस नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. माझं सगळं ध्यान दहाव्या दिवसावर.

आणि बटणं तर कोणी सोडायला तयार नव्हतं. साळवींची माणसं आपलं दाबून जात, मागून काकूंचा महिला मंडळाचा गट यायचा, मग सरांचे विद्यार्थी. दिवसभर भारत कमरेला, खांद्याला, जमिनीखाली, परत कमरेला. मी स्टेजखाली तेलाची बुधली घेऊन बसलेली. वरून भाषणं ऐकू यायची आणि खाली जॅक कण्हायचा.

आठव्या दिवशी अमेरिकेची मोटर जळली. जिथे होती तिथे थांबली. नवव्या दिवशी चीनची दोरी तुटून जॅकमध्ये अडकली. तो मान खाली घालून उभा राहिला तो राहिलाच. चाचांना फोन केला तर ते रत्नागिरीच्या वाटेवर बंद ट्रकपाशी. आणि दहाव्या दिवशी सकाळी भारत माणशी बटणावरून डॉलरच्या बटणाकडे येता येता मधेच अडकला. आटे पार झिजले होते. छातीपर्यंत स्टेजच्या वर, खाली स्टेजच्या आत.

तिन्ही पक्ष धावत आले. मला वाटलं आता शिव्या पडणार. साळवीसाहेबांनी दोन पावलं मागे जाऊन बघितलं. "बघा, वर येतोय!" मोरेसर म्हणाले, "साळवी, बुडतोय तो." काकू म्हणाल्या, "कुठे बुडतोय? खाली आहे ते तुम्ही मापात धरत नाही, एवढंच." तिघांचंही समाधान झालं. तेवढ्या उंचीची पाटी मात्र कोणाकडेच नव्हती.

माझं समाधान कसं होणार? माझा गाळा गेला होता. स्टेजखाली बसून मी हिशेब करत होते की गोदामवाल्यांना रद्दी फाडणारी बाई लागते का.

ढोल सुरू झाले तसे दादा आले. काळा चष्मा, मुलाचा हात धरलेला. मला बाहेर बोलावलं.

"कोन परला का?"

"नाही दादा. उभे आहेत सगळे."

"हलतो कोन?"

मी माणशीचं बटण दाबलं. अमेरिका गप्प. चीन गप्प. भारत जिथल्या तिथे थरथरला. आणि मधल्या भोकातून ट्रकच्या जॅकवर लक्झेंबर्ग वर आले, सरळ, न अडखळता, जसे पहिल्या दिवशी आले होते. गर्दीने शिट्ट्या मारल्या.

दादांना नीट दिसत नव्हतं. त्यांनी पुढे होऊन हात फिरवला. कोट चाचपला, चेहरा चाचपला, मिशीपाशी हात थांबला.

"ह्यो तर आपला द्वारपाल."

"हो दादा. आता लक्झेंबर्ग आहे. देश आहे, लहानसा. माणसं थोडी, पण माणशी हिशेबात सगळ्यांच्या वर."

"सारसोल्याएवरा?"

"त्याहून मोठा असेल."

"दादा, चारातले तीन बंद आहेत," मुलगा म्हणाला. "हे काय जमलं म्हणायचं?"

दादा त्याच्याकडे वळले. "माज्या पयल्या देखाव्यात धाव्या दिवशी काय हलत व्हता, म्हायत हाय? मांडवाचा कापर. तो पन वाऱ्यानी." मग त्यांनी खिशातून गाळ्याची किल्ली काढली आणि माझा हात शोधून त्यात दिली. "हिचा एक तरी हलतो. गोदाम तू दुसरीकडं बग. आनि सुमन, ह्या मानसाला इकू नको."

मी पाया पडले. उठताना मला रडू येत होतं आणि डोक्यात एकच विचार, की पुढच्या वर्षी काय.

बाप्पांना निरोप देऊन आम्ही पैलवान टेम्पोत भरले. भारताला भोकातून ओढून काढताना त्याचा उजवा पाय फळीला घासला. गाळ्यात आणून उभा केला तेव्हा दिसलं, करंगळी तुटलेली.

नवरात्रीच्या ऑर्डरी आलेल्या होत्या, महिषासुराला उशीर होत होता. मी शटर उघडलं, मूठभर लगदा कालवला आणि आधी करंगळी लावून घेतली. नखासकट.